जुन्या घराचं वायरिंग: झिणझिण्यांपासून टेस्ट रिपोर्टपर्यंत

घर: पुणे, सहकारनगर. १९७२ सालचं बैठं घर, नऊ इंची विटांच्या भिंती, वर गच्ची. राहणार दोघी, मी आणि आई.

२ नोव्हेंबर २०२४, शनिवार, पाडवा

परवा नरक चतुर्दशीला पहाटे आईने न्हाणीघरात नळ सोडला आणि ओरडली, "अगं, पाण्याला मुंग्या आल्यात." टेस्टर घेऊन गेले. नळाला टेकवला तर दिवा मंद लागला. गीझर बंद केला, दिवा विझला. अभ्यंगस्नान गॅसवरच्या पातेल्यातल्या पाण्याने झालं.

दोन दिवस फराळाच्या मधेमधे शोध घेतला आणि कारण सापडलं. १९९४ साली गीझर बसवला तेव्हा त्याची अर्थिंगची तार न्हाणीघरातल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला गुंडाळली होती. तेव्हा सर्रास असंच करत, कारण पाइप पुढे जमिनीतच जायचा. २०१६ साली बाहेरची लाइन गंजली म्हणून आम्ही ती प्लास्टिकची करून घेतली. भिंतीच्या आतला, गीझरपासून नळापर्यंतचा लोखंडी तुकडा मात्र तसाच राहिला. म्हणजे गेली आठ वर्षं आमचं अर्थिंग जमिनीला नाही, नळाला जोडलेलं होतं. गीझरच्या कॉइलमधून वीज गळायला लागली आणि ती गळती इमानदारीत आंघोळ करणाऱ्याच्या हातापर्यंत पोचली. प्लंबरने आपलं काम चोख केलं होतं, वायरमननेही. दोघांची गाठ काही पडली नव्हती.

मग मीटरखालचं फळकूट उघडलं. सागवानी बोर्ड, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज, आणि फ्यूज फेजवरही, न्यूट्रलवरही. न्यूट्रलचा आधी उडाला तर घरात अंधार होतो पण तारेत फेज जिवंतच असतो, आणि दिवा लागत नाही म्हणजे लाइट गेले असं समजून माणूस खुशाल हात घालतो. घरातल्या तारा तीन पिढ्यांच्या: १९७२ ची लाकडी पट्टीवरची ॲल्युमिनियमची, १९९४ ची केसिंगमधली, २०११ ला एसीसाठी खिडकीच्या वरून ओढलेली. जिथे ॲल्युमिनियम आणि तांबं पीळ देऊन जोडलं आहे तिथली टेप हातात भुगा होऊन आली.

ठरलं. डागडुजी नाही, सगळंच नवीन.

९ नोव्हेंबर, शनिवार

आठवड्यात तिघे येऊन गेले.

पहिले कोपऱ्यावरच्या दुकानातून आले. पॉइंटमागे २६० रुपये मजुरी, सामान आपलं. पॉइंट भराभर मोजले. अर्थिंगचा विषय काढला तर म्हणाले, "ताई, खड्डा कशाला? प्लगमध्येच न्यूट्रलवरून अर्थिंग देतो, टेस्टरला काही कळत नाही." टेस्टरला कळत नाही हे खरंच. पण मागे कुठे तो न्यूट्रल तुटला की फ्रिजच्या पत्र्यावर थेट फेज येईल. चहा देऊन निरोप दिला.

दुसऱ्यांनी दारातच विचारलं, "साहेब कधी भेटतील?" या घरात साहेब नाहीत म्हटल्यावर ते आईकडे वळून बोलू लागले. आईने त्यांना माझ्याकडे वळवलं.

तिसरे इंटिरियरवाल्यांच्या ओळखीचे. कोटेशन देखणं, पण ऐंशी टक्के रक्कम एकाच ओळीत: "वायरिंगचे संपूर्ण काम, एकरकमी". कोणती तार, किती सर्किट, मोजणी कोण करणार, काही नाही.

तिघांनाही एकच प्रश्न विचारला होता: इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स कुणाच्या नावाचं? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली तर घरातलं वायरिंग राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. वायरमनचा परवाना वेगळा, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र वेगळं, ठेकेदाराचं लायसन्स वेगळं. उत्तरं अशी: एकाचं "मित्राचं आहे, सही मिळून जाते", दुसऱ्याचं "फॉर्मचे वेगळे दोन हजार लागतील", तिसऱ्याचं "ऑफिसमधून पाठवतो", ते अजून आलेलं नाही.

मी सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करते. न पाहिलेल्या वहीवर सही करणारे माझ्या धंद्यातही आहेत, तेव्हा धक्का बसला असं म्हणवत नाही. वही चुकली तर निदान कुणाला मुंग्या येत नाहीत.

१७ नोव्हेंबर, रविवार

भार मोजला. गीझर २०००, दीड टनी एसी १७००, इंडक्शन १८००, मायक्रोवेव्ह १२००, वॉशिंग मशीन ५००, अर्ध्या एचपीचा पंप ३७५, फ्रिज २००, दिवे-पंखे मिळून ६००. बेरीज ८३७५ वॅट. बिलावरचा मंजूर भार: १ किलोवॅट. बावन्न वर्षांत घरात एकेक यंत्र आलं, बिलावरचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

थ्री फेज घ्यावं का, यावर रात्री बराच खल झाला, म्हणजे माझा माझ्याशीच. थ्री फेजचा स्थिर आकार जास्त. शिवाय बाहेरचा न्यूट्रल सुटला तर एखाद्या फेजवरच्या यंत्रांना २३० ऐवजी चारशेच्या जवळपास व्होल्ट मिळू शकतात. आम्ही दोघी. गीझर आणि इंडक्शन एकदम चालवायचं नाही एवढं पथ्य पाळलं तर ५ किलोवॅट, म्हणजे साधारण २२ अँपिअर, पुरतात. सिंगल फेजच ठेवायचं.

डीबीत, म्हणजे सगळी सर्किटं जिथून फुटतात त्या पेटीत, दोन आरसीसीबी (वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारे स्विच), दोन्ही ३० मिलिअँपिअरच्या. एकीवर स्वयंपाकघर, गीझर आणि पंप. दुसरीवर दिवे-पंखे, खोल्यांतले प्लग, एसी. एक पडली तर निम्मं घर चालू राहील.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मधले दिवस फुकट गेले. २० तारखेला विधानसभेचं मतदान, त्याआधी निम्मे वायरमन गावी, त्यानंतर उरलेले निम्मे निकालात.

चौथे ठेकेदार पक्के केले. पन्नाशीचे, हाताखाली दोन पोरं. लायसन्सची प्रत न मागता दाखवली, मुदत २०२६ पर्यंतची. लायसन्स त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर आहे आणि फर्मही त्यांचीच. मोठे हल्ली साइटवर फारसे येत नाहीत म्हणाले. "शेवटी येतील ना?" "बोलावलं तर येतील." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

हप्ते: २० टक्के आगाऊ, पाइप टाकून झाल्यावर ३०, तारा ओढून झाल्यावर ३०, आणि शेवटचे २० मोजणीचे आकडे कागदावर आल्यावर. शेवटच्या अटीवर ते थांबले. "आकडे म्हणजे?" मेगरचे (तारांचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र), अर्थिंगचे, आरसीसीबी किती वेळात पडते त्याचे, म्हटलं. "ताई, तीस वर्षांत कुणी मागितलं नाही." मग थोड्या वेळाने, "द्यायला काही हरकत नाही, मशीन भाड्याने आणावं लागेल." भाडं माझ्याकडे लागलं. सही झाली.

३ डिसेंबर, मंगळवार

काम सुरू. देव्हारा आणि आई आतल्या खोलीत, दाराला ओली चादर. कटरने झिरी मारायला लागले की विटेची लाल धूळ पोह्यांच्या डब्यातही जाते, झाकण लावलेलं असलं तरी.

पहिल्याच दिवशी वाद. पोरांनी हॉलच्या भिंतीत खिडकीच्या उंचीवर आडवी अकरा फुटी झिरी आखली होती. हे घर खांबांवर नाही, भिंतींवर उभं आहे. आडवी झिरी म्हणजे भिंतीच्या जाडीतून तेवढा घास काढणं. नको म्हटलं. ठेकेदारांना ते लगेच पटलं. पोरांनाही पटलं, कारण खोदाई वाचली. आता छताखालून उघडा पीव्हीसी पाइप फिरेल आणि प्रत्येक बोर्डाला सरळ उभी झिरी खाली येईल. पाइप दिसतो. दिसू दे.

७ डिसेंबर, शनिवार

तारा घ्यायला बुधवारात तपकीर गल्लीत गेले. ठेकेदार म्हणत होते त्यांच्या नेहमीच्या दुकानातून घेऊ. त्या दुकानातून त्यांना काहीतरी सुटतं हे मला माहीत आहे, आणि मला ते माहीत आहे हे त्यांनाही. शेवटी तेच माझ्याबरोबर आले आणि कमिशन गेल्याची भरपाई म्हणून बेडेकरांकडे मिसळ मागितली. दिली.

दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गीझर आणि एसीला चार, मीटरपासून डीबीपर्यंत दहा. सगळे याला "एमएम" म्हणतात. असतात ते चौरस मिलिमीटर. ठेकेदारांच्या तोंडी अजून "तीन-बावीस", "सात-वीस" येतं, म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा, वीस गेजच्या सात. बंडल ९० मीटरचं. त्यावर आयएस ६९४, म्हणजे तारांच्या भारतीय मानकाचा क्रमांक, आणि आयएसआयची खूण आहे का ते पाहिलं, आणि एक बंडल उघडून तारेवरचे मीटरचे आकडे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सोनं घेताय का?" तांब्याचा भाव सांगून तो स्वतःच हसला.

१५ डिसेंबर, रविवार

पाइप पूर्ण, दुसरा हप्ता दिला. तारा ओढणं सुरू.

रंग ठरले होते: फेज लाल, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. संध्याकाळी बेडरूमचा बोर्ड उघडून पाहिला तर स्विचपासून दिव्यापर्यंतची तार, जिला ही पोरं हाफ म्हणतात, हिरवी. लाल संपली होती आणि दुकान रविवारी बंद. उद्या कुणी ती अर्थिंग समजून पकडली असती. "टेप लावून टाकतो लाल." नाही. ओढून काढा, सोमवारी लाल टाका. धाकटा पोरगा कुरकुरला. थोरल्याने काहीच न बोलता तार ओढायची स्प्रिंग उचलली.

तो थोरला पोरगा चांगला आहे. तारतंत्रीचा आयटीआय केलाय. तारेच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबताना तार किती सोलायची हे नखाने मोजतो.

२२ डिसेंबर, रविवार

अर्थिंग. या कामात सगळ्यात जास्त घाम इथे गेला.

आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकाप्रमाणे पाइपाचं अर्थिंग करायचं तर लांबी किमान अडीच मीटर. मागच्या अंगणात खणायला घेतलं. दोन फूट माती, मग मुरूम, आणि साडेचार फुटांवर पहार टणकन वाजली. काळा पाषाण. ठेकेदार म्हणाले पाइप कापून बसवू, वरून मीठ-कोळसा जास्त घालू. मिठाने सुरुवातीला आकडा छान येतो, पण पावसात ते झिरपून जातं आणि असेतोवर पाइप खातं.

दुसरी जागा तुळशीवृंदावनापलीकडची, न्हाणीघराचं सांडपाणी पूर्वी जिथे मुरायचं तिथली. तिथे अडीच मीटर खाली जाता आलं. पाइपाभोवती बेंटोनाइटची भुकटी कालवून भरली. ती ओल धरून ठेवते. अर्थिंगचा रोध मोजायचं तीन खुंट्यांचं मशीन लावलं (आकडा जितका कमी तितकं चांगलं): १०.८ ओहम. मग तीन मीटरवर दुसरा तसाच पाइप ठोकून दोन्ही पट्टीने जोडले. ४.६.

ठेकेदार खूश. पण एक हिशेब त्यांना कागदावर करून दाखवला. फेज गीझरच्या पत्र्याला चिकटला तर २३० भागिले ४.६, म्हणजे ५० अँपिअर जमिनीत जातील. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगचा रोध यात धरलेलाच नाही, तो धरला तर आणखी कमी. सोळा अँपिअरची सी-कर्व्ह एमसीबी (प्रवाह फार वाढला की पडणारा स्विच) तत्काळ पडायला पाच ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. पन्नासला ती तापून पडेल, पण त्याला कित्येक सेकंद जातील, आणि तोवर पत्रा जिवंत. म्हणून अर्थिंग कितीही चांगलं असलं तरी आरसीसीबी हवीच. ती ५० अँपिअरची वाट पाहत नाही, ३० मिलिअँपिअरची पाहते. ते कागद घडी घालून खिशात टाकत म्हणाले, "आम्ही आपलं बल्ब लावून बघतो. फेज आणि अर्थिंगमध्ये शंभरचा बल्ब लागला की अर्थिंग पास." शंभरच्या बल्बला अर्धा अँपिअरही पुरतो, हे त्याच कागदाच्या मागे लिहिलेलं आहे.

४ जानेवारी २०२५, शनिवार

डीबी चालू केली. दोन्ही आरसीसीबी पडल्या. वर केल्या, पुन्हा पडल्या.

धाकटा म्हणाला, "ही आरसीसीबी फार नाजूक असते ताई. काढून साधा मेन स्विच लावू, त्रास नाही." किती घरांत अशीच निघाली असेल कोण जाणे.

थोरल्याने आणि मी सकाळी दहापासून शोधायला घेतलं. आरसीसीबी करते काय, तर गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा ताळमेळ. जेवढा फेजमधून गेला तेवढा त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. फरक पडला की ती खटका ओढते. हे मला आयतंच समजलं. जमा-खर्च जुळत नसेल तर खातं थांबवायचं. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला की कोणाचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होताहेत.

पहिला चोर इन्व्हर्टर. तो स्वयंपाकघराच्या आरसीसीबीवरून घेतला होता, आणि त्यातून निघालेला फेज दिवे-पंख्यांना दिला होता. पण त्या दिव्यांचा न्यूट्रल मात्र दुसऱ्या आरसीसीबीच्या पट्टीवर. प्रवाह एकीतून जाणार, दुसरीतून येणार. दोघीही पडणार. जुन्या घरात फ्यूजवर हे वर्षानुवर्षं चालतं, कुणाला पत्ता लागत नाही. इन्व्हर्टरच्या सर्किटांचा न्यूट्रल सोडवून वेगळ्या पट्टीवर घेतला आणि इन्व्हर्टरच्याच आउटपुटला जोडला.

दुसरा चोर गच्चीच्या जिन्यातला दिवा. खालून-वरून लागणारा, टू-वे. खालच्या बोर्डात फेज खोल्यांच्या सर्किटचा, वर गच्चीवर न्यूट्रल पंपाच्या पाइपातला, कारण तो जवळ होता. एकच साधा नऊ वॅटचा दिवा. पण त्याचे चाळीस मिलिअँपिअरही पुरतात.

संध्याकाळी साडेसहाला दोन्ही वर राहिल्या. आईने लगेच इंडक्शनवर चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघराची पडली.

५ जानेवारी, रविवार

इंडक्शन बदलून पाहिलं, दुसऱ्या प्लगवर लावलं. लहान लोड चालतो, मोठा लावला की पडते. सगळ्या एमसीबी बंद केल्या तरी कोडं सुटेना, कारण एमसीबी फक्त फेज तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो.

थोरल्याने मेगर आणला. स्वयंपाकघराची सगळी यंत्रं काढली, न्यूट्रल पट्टीवरून एकेक सोडवला, प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामध्ये मेगर. पहिला ठीक, दुसरा ठीक. तिसऱ्याला काटा शून्यावर. ओट्याच्या बाजूच्या बोर्डाचा. बोर्ड उघडला, सगळं स्वच्छ. मग त्याने मान वर केली. बोर्डाच्या बरोबर वर, दीड फुटावर, नव्या वर्षाचं कॅलेंडर.

खिळा दोन इंची. पाइप फोडून काळ्या आणि हिरव्या तारेला एकत्र टाचून बसला होता. न्यूट्रल तसाही जमिनीच्या जवळच्या दाबावर असतो, म्हणून किरकोळ लोडला काही जाणवत नाही. मोठा लोड आला की परतीच्या वाटेतला थोडा प्रवाह हिरव्या तारेने निघतो आणि ताळमेळ बिघडतो.

आई म्हणाली, "कॅलेंडर बावन्न वर्षं तिथेच आहे. तार तुम्ही नवीन आणलीत." याला उत्तर नाही. तेवढा पाइप आणि तीन तारा बदलल्या. सगळ्या बोर्डांच्या वर उभ्या झिरीचे फोटो काढलेले आहेत, ते छापून फायलीत लावले.

१८ जानेवारी, शनिवार

मोजणीचा दिवस. मोजायला ठेकेदारांचा माणूस घेतला नाही. कारखान्यात विद्युत देखभालीत आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक ओळखीचे काका आले, स्वतःची यंत्रं घेऊन. ठेकेदार सुरुवातीला हाताची घडी घालून उभे होते. तासाभराने काकांच्या हातातली बॅटरी धरून उभे राहिले.

आधी सगळे एलईडी दिवे, पंख्यांचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर काढले, नाहीतर मेगरच्या ५०० व्होल्टने तेच जातील. नियमाप्रमाणे मिनिटभर दाब देऊन किमान १ मेगाओम हवं. आमचे आकडे: दिवे-पंखे १८०, खोल्यांतले प्लग २०० च्या वर, एसी २०० च्या वर, स्वयंपाकघर १५०, पंप ६. पंपाची गच्चीवरची पेटी उघडली तर आत पावसाळ्याआधीची मुंग्यांची माती. पेटी जुनीच ठेवली होती, पैसे वाचवायला. सहा म्हणजे पास, पण काकांनी पेटी बदलायला सांगितली. बदलली, ११० आले.

प्लग एकेक तपासले. समोरून पाहताना वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तेवीसपैकी एक उलटा निघाला, हॉलमधला टीव्हीमागचा. धाकट्याने लगेच सरळ केला.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून ठेकेदार म्हणाले, "पडते की." काका म्हणाले, बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं, त्याचा अर्थिंगशी संबंध नाही, अर्थिंगची तार तुटलेली असली तरी बटणाने ती पडणारच. मग मशीन लावलं. १५ मिलिअँपिअरला पडली नाही, पडायला नकोच होती. ३० ला एक २६ मिलिसेकंदांत, दुसरी ३१. मर्यादा ३०० ची आहे.

गीझरच्या नळावर मी स्वतः टेस्टर लावला. काही नाही. हे मोजणीत धरत नाहीत, पण मी लिहून ठेवतेय.

२४ जानेवारी, शुक्रवार

ठेकेदार टेस्ट रिपोर्ट, म्हणजे सही-शिक्क्याचा मोजणीचा फॉर्म, घेऊन आले. शिक्का, सही, लायसन्स नंबर, सगळं जागेवर. इन्सुलेशन: सगळीकडे १००. अर्थिंग: १.० ओहम. तारीख: २ जानेवारी. म्हणजे डीबी चालू व्हायच्या दोन दिवस आधी, खिळा भिंतीत असताना, सगळं शंभर नंबरी होतं.

"हा फॉर्म असाच भरतात ताई. वरचे कोणी वाचत नाहीत." चिडून बोलले नाहीत, समजावल्यासारखं बोलले, आणि त्याचाच जास्त राग आला. काकांच्या मोजणीचा कागद शेजारी ठेवला. म्हटलं, खरे आकडे याहून चांगले आहेत की हो, १८०, २००. एक अर्थिंगचा तेवढा ४.६, आणि त्याचीही लाज वाटायचं कारण नाही, पाषाणावर घर आहे. मग खोटे कशाला?

ते बराच वेळ गप्प. "कोरे फॉर्म दादा सही करून ठेवतात. वीस-वीस एकदम."

"दादांना बोलवा. तुम्हीच म्हणाला होतात, बोलावलं तर येतील." वही उघडून वाक्य दाखवलं.

२७ जानेवारी, सोमवार

मोठे आले. सत्तरीचे, गुडघ्याने हैराण, सोबत काठी. मी भांडणाच्या तयारीत होते. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग डीबीचं झाकण. एकेक स्क्रू हलवून पाहिला. दोन सैल निघाले, दोन्ही न्यूट्रल पट्टीवरचे. काकांच्या मोजणीत ते सापडले नव्हते, सापडणारही नव्हते. थोरल्या पोराला जवळ बोलावून म्हणाले, "तांबं दबतं. आज आवळलेला स्क्रू महिन्याने पुन्हा आवळायचा." मग गच्चीवर जायचं म्हणाले. जिना चढायला सात मिनिटं लागली.

खाली येऊन नवा फॉर्म घेतला, काकांचे आकडे एकेक विचारत स्वतःच्या हाताने भरले आणि आजची तारीख घातली. सही करताना धाकट्या भावाकडे न पाहता म्हणाले, "ते सही केलेले फॉर्म घरी आणून दे." आणून दिले का, मला माहीत नाही.

शेवटचा हप्ता दिला. पंपाच्या पेटीचे आणि दुसऱ्या अर्थिंग पाइपाचे जास्तीचे पैसेही. थोरल्या पोराला वेगळं पाकीट.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भारवाढीचा अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरला होता. टेस्ट रिपोर्ट जोडला, फरकाचे पैसे भरले. माणूस येऊन मीटर आणि बाहेरची तार पाहून गेला. मीटरच्या सीलला आम्ही कुणी हात लावलेला नाही याची त्याने खात्री केली. मंजूर भार आता ५ किलोवॅट.

डीबीच्या झाकणाच्या आत सर्किटांचा नकाशा चिकटवला. छापील लेबलं इंग्रजीत होती, ती काढून आईच्या अक्षरात मराठी लावली. "गिझर" तिने ऱ्हस्व लिहिलाय. राहू दे.

२ मार्च, रविवार

महिना झाला म्हणून थोरला पोरगा आपणहून आला आणि स्क्रू आवळून गेला. चारेक स्क्रू पाव फेरा फिरले. पैसे घेतले नाहीत. आईने डबा दिला.

४ मे, रविवार

अर्थिंगचं उन्हाळ्यातलं वाचन. हिवाळ्यात जमिनीत ओल होती, खरी परीक्षा आत्ताची. काकांनी खुंट्या ठोकल्या: ७.२ ओहम. वाढणार हे धरलंच होतं. खड्ड्याच्या तोंडाशी फनेल आहे, त्यातून दोन बादल्या पाणी सोडलं आणि चहा होईपर्यंत थांबलो. ६.१.

आरसीसीबीचं बटण दर महिन्याला दाबायचं काम आईने स्वतःकडे घेतलंय. संकष्टीला दाबते, म्हणजे विसरायला होत नाही. कॅलेंडर आता फ्रिजवर लोहचुंबकाने लावलेलं आहे.